ताज्या हॉप्सची बिअर

ऑगस्ट संपत आला की वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात हॉप्सची तोडणी सुरू होते. मग महिनाभर तिथल्या शेतांत आणि वाळवणीच्या भट्ट्यांवर रात्रंदिवस काम चालू असतं. अमेरिकेत पिकणाऱ्या हॉप्सपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास पीक या एका खोऱ्यातलं. उंच खांबांवर ताणलेल्या तारा, तारांवरून खाली सोडलेले दोर आणि त्या दोरांना वेढे घालत पंधरा-अठरा फूट वर चढलेले वेल. वेलांना हिरवी, खवल्याखवल्यांची, दीड-दोन इंच लांबीची बोंडं लगडलेली असतात. त्यातलं एक बोंड तोडून उभं फाडलं, तर खवल्यांच्या बुडाशी पिवळीधमक पूड दिसते. बोटाला लागली की चिकटते, सहजी निघत नाही. हे लुपुलिन. बिअरमधला हॉप्सचा कडवटपणा आणि वास, दोन्ही या पुडीत साठवलेले असतात.

तोडणीच्या दिवसांत देशभरातले बिअर बनवणारे याकिमाला येतात. टेबलावर वेगवेगळ्या शेतांतल्या हॉप्सचे दाबून बांधलेले नमुने मांडलेले असतात. प्रत्येक नमुन्यातली मूठभर बोंडं उचलायची, दोन्ही तळव्यांत जोराने चुरडायची, ओंजळीत नाक घालून वास घ्यायचा आणि पुढच्या वर्षभरासाठी कुठल्या शेतातला माल घ्यायचा ते ठरवायचं. प्रयोगशाळेतून आलेले आकडे समोर असतात, तरी शेवटचा शब्द नाकाचा. कॅस्केड जातीचं बोंड असेल तर ग्रेपफ्रूटचा, म्हणजे आपल्या पपनसाच्या सालीच्या जवळचा वास येतो, त्याच्या मागून थोडा फुलांचा. सिमको असेल तर पाइनच्या डिंकाचा. सिट्रा असेल तर लिंबू, लिची आणि पिकलेला आंबा.

अमेरिकन क्राफ्ट बिअरवर माझं प्रेम आहे ते या वासापायी. जगात उत्तम बिअर बनवणारे देश बरेच आहेत. बेल्जियमच्या मठांतल्या बिअरची खोली किंवा चेक पिल्सनरचा नेटकेपणा अमेरिकेने शोधलेला नाही. अमेरिकेने बिअरला दिला तो हॉप्सचा ताजा, मोकळा, फळांच्या अंगाने जाणारा वास. आणि हा वास बिअरमधल्या सगळ्या गुणांत सर्वांत आधी उडून जातो. या बिअरचा आनंद कसा घ्यायचा, ती कुठे प्यायची, ती बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचं महत्त्व काय, या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीशी येऊन थांबतात.

आधी थोडं बनवण्याविषयी. मोड आणून वाळवलेलं सातू, म्हणजे माल्ट, भरडून पासष्ट-सदुसष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून तास-दीड तास उकळतात आणि उकळताना त्यात हॉप्स घालतात. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळीत बदलतात, पाण्यात उतरतात आणि माल्टच्या गोडव्याला कडवटपणाचा तोल मिळतो. पण वास देणारी तेलं याच उकळीत वाफेबरोबर निघून जातात. ती टिकवायची तर हॉप्स शेवटच्या काही मिनिटांत घालायला हवेत, किंवा यीस्टने आंबवण्याचं काम केल्यावर थंड बिअरमध्ये. आपण कोथिंबीर आमटी उतरवल्यावर वरून घालतो, त्यातली ही युक्ती. थंड बिअरमध्ये हॉप्स भिजत घालण्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. ही पद्धत इंग्लंडमध्ये जुनीच होती. अमेरिकनांनी ती सढळ हाताने वापरली.

मात्र अर्ध्या शतकापूर्वीच्या अमेरिकन बिअरमध्ये हॉप्सचा वास शोधूनही सापडत नव्हता. 1873 साली त्या देशात चार हजारांहून अधिक ब्रुअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, होत्या, बहुतेक आपापल्या गावापुरत्या. जर्मनीतून आलेल्या कारागिरांनी तिथे लागर हा बिअरचा प्रकार रुजवला. अमेरिकन सातूमध्ये प्रथिनं जास्त, त्यामुळे बिअर गढूळ व्हायची, म्हणून त्यांनी सोबत मका आणि तांदूळ वापरायला सुरुवात केली. बिअर स्वच्छ दिसू लागली, अंगाने हलकीही झाली. मग 1920 मध्ये देशभर दारूबंदी आली आणि ती 1933 पर्यंत राहिली. तेरा वर्षांत बहुतेक छोटे कारखाने बुडाले. जे उरले त्यांतल्या मोठ्यांनी पुढे लहानांना गिळलं. सर्वांना चालेल अशी बिअर करायची तर कुणालाच खटकता कामा नये, म्हणून कडवटपणा दरवर्षी थोडा थोडा कमी होत गेला. 1975 मध्ये मिलर लाइट देशभर आली तेव्हा पोटाला हलकी असणं हा जाहिरातीचा मुद्दा होऊ शकत होता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बावीस कोटींच्या त्या देशात शंभरसुद्धा ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या.

या हलक्या लागर बनवणं सोपं नाही, हे सांगायला हवं. त्यांत काही लपवता येत नाही आणि हजारो मैल दूरच्या दोन कारखान्यांतली बाटली अगदी एका चवीची निघते. त्या कौशल्याचा मला आदर आहे. पण ग्लास नाकाशी नेल्यावर काही सांगत नाही, अशी बिअर मला अपुरी वाटते.

बदलाची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत झाली. 1965 मध्ये फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने तिथली अँकर ब्रुअरी बंद पडण्याच्या बेतात असताना तिचे 51 टक्के भाग विकत घेतले. वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातला हा मुलगा बिअर बनवायला तिथेच शिकला. अँकरची बिअर त्या काळी बऱ्याचदा आंबूस निघे. मेटॅग यांनी कारखाना धुऊन-पुसून लखलखीत केला, सूक्ष्मदर्शक आणला, मका-तांदूळ बाजूला ठेवून निव्वळ माल्ट वापरलं. 1975 मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर पॉल रिव्हिअरने केलेल्या ऐतिहासिक घोडदौडीला दोनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने त्यांनी लिबर्टी एल ही बिअर काढली आणि तिच्यात कॅस्केड हॉप्स घातले, ड्राय हॉपिंगसुद्धा केलं. आज चव घेणाऱ्याला ती साधी वाटेल. तेव्हा अमेरिकेत तशी दुसरी बिअर नव्हती.

कॅस्केडची गोष्ट मला फार आवडते, कारण तो सरकारी शेतकी संशोधनातून आलेला आहे. ओरेगन राज्यात कॉर्व्हॅलिस इथे अमेरिकेच्या कृषी खात्याचं हॉप्स संकराचं काम चालू होतं. इंग्लंडच्या फगल या जातीच्या वंशात रशियन जातीचं रक्त मिसळून 1956 मध्ये केलेल्या संकरातून हा वेल निघाला आणि सोळा वर्षांच्या परीक्षणानंतर 1972 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. हेतू अगदी व्यावहारिक होता. बुरशीजन्य रोगाला तोंड देईल आणि युरोपातून आणाव्या लागणाऱ्या नाजूक वासाच्या हॉप्सची जागा घेईल, असं पीक देशातच हवं होतं. युरोपियन हॉप्सना मात्र असा पपनसाचा वास नसतो. जुन्या पठडीतल्या बिअरवाल्यांना तो भडक वाटायचा. त्याच भडकपणातून पुढे एका देशाच्या बिअरची ओळख उभी राहिली.

ती उभी करणारी माणसं बहुतेक घरी बिअर बनवणारी होती. नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये राहिलेल्या जॅक मॅकऑलिफ यांना तिथल्या एल या प्रकारच्या बिअरची चटक लागली होती. परत आल्यावर 1976 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथे न्यू अल्बियन नावाची चिमुकली ब्रुअरी काढली. इतक्या लहान कारखान्यासाठी यंत्रसामग्री बाजारात मिळतच नव्हती. त्यांनी सरबताच्या पाकाची जुनी पिंपं मिळवली, दुग्धव्यवसायातली भांडी आणली आणि वेल्डिंग स्वतः केलं. 1982 मध्ये न्यू अल्बियन बंद पडली, पण तोवर ती बघायला येणाऱ्यांपैकी काहींनी स्वतःची भांडी जोडायला घेतली होती.

कायद्याचं गाडं याच सुमारास हललं. दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली होती, बिअर मात्र राहून गेली होती. ऑक्टोबर 1978 मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती चूक दुरुस्त झाली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, बिअर स्वतःपुरती बनवण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पापाझियन यांनी घरगुती बिअर बनवणाऱ्यांची संघटना उभी केली. ते शिक्षक होते आणि शिकवण्याची हौस त्यांच्या 1984 च्या पुस्तकात पानोपानी दिसते. घाबरू नका, निवांत राहा, बिअर होईल, हा त्यांचा सूर. त्या पुस्तकाने अमेरिकेतल्या असंख्य स्वयंपाकघरांत आणि गॅरेजांत बिअरचं पातेलं चढवलं. पुढच्या पिढीतले बहुतेक नामांकित ब्रुअर या वाटेने आले आहेत.

केन ग्रॉसमन त्यांतले सर्वांत महत्त्वाचे, असं मी मानतो. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात त्यांचं घरगुती बिअरच्या साहित्याचं दुकान होतं. चांगले हॉप्स मिळावेत म्हणून ते गाडी घेऊन थेट याकिमाला जात. 1980 मध्ये त्यांनी भागीदाराबरोबर सिएरा नेवाडा ब्रुअरी सुरू केली, तीही दुग्धव्यवसायातल्या जुन्या टाक्या कापून-जोडून. त्यांच्या पेल एलच्या सुरुवातीच्या कित्येक खेपा मनासारख्या उतरल्या नाहीत म्हणून त्यांनी ओतून दिल्या. पैशाची चणचण असताना असं करायला जिगर लागते. अखेर जी जमली ती बिअर आजही त्याच नावाने मिळते आणि तिच्यात आजही अख्ख्या बोंडांचे कॅस्केड हॉप्स पडतात.

ही बिअर कशी प्यायची ते सांगतो, कारण अमेरिकन बिअरची ओळख करून घ्यायची तर मी कुणालाही आधी तीच देईन. ग्लास आतून स्वच्छ हवा, तेलाचा किंवा साबणाचा अंश नको, नाहीतर फेस धरत नाही. फ्रीजमधून काढल्यावर बाटली पाचेक मिनिटं बाहेर राहू द्यावी. फार गार बिअरला वास येत नाही. ग्लास तिरका धरून अर्धा भरावा, मग सरळ करून मधोमध ओतावं, म्हणजे दोन बोटं फेस येतो. रंग तांबूस सोनेरी. पहिला घोट घेण्याआधी वास घ्यावा. आधी पपनसाची साल, मग किंचित फुलं, त्यांच्याखाली बिस्किटासारखा माल्टचा वास. जिभेवर आधी माल्टचा गोडवा पसरतो आणि गिळताना कडवटपणा येतो. तो घशाशी थांबत नाही, जिभेच्या मागच्या भागावर स्वच्छपणे रेंगाळतो आणि पुढच्या घोटाची इच्छा उत्पन्न करतो. प्रत्येक घोटागणिक फेसाचं एक वलय काचेवर उरत जातं. 5.6 टक्के मद्यार्क असलेली ही बिअर चार दशकांनंतरही मला कंटाळवाणी वाटत नाही.

त्यानंतर हॉप्सचं प्रमाण वाढतच गेलं. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, हा प्रकार मुळात इंग्रजांचा. मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या गोऱ्यांसाठी जहाजांतून येणाऱ्या बिअरशी त्याचं नाव जोडलेलं आहे. कॅलिफोर्नियाने त्याला पूर्ण वेगळं रूप दिलं. व्हिनी चिलुर्झो यांनी 1994 मध्ये टेमेक्युला इथल्या आपल्या छोट्या ब्रुअरीत हॉप्स आणि माल्ट दोन्ही वाढवून डबल आयपीए काढली. नंतर सोनोमा परगण्यातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीत त्यांनी प्लिनी द एल्डर बनवली. तिच्यात 8 टक्के मद्यार्क आहे, तरी ती अंगाला जड वाटत नाही. ही किमया मला आजवर फार थोड्या बिअरमध्ये सापडली आहे. तिच्या भावंडासाठी, प्लिनी द यंगरसाठी, दर वसंताच्या तोंडावर सांता रोझात लोक तासन् तास रांगेत उभे राहतात. बे एरियातली मराठी मंडळीही त्यात असतात.

दुसरं वळण व्हरमाँटमध्ये मिळालं. वॉटरबरी गावातल्या द अल्केमिस्ट या पबमध्ये जॉन किमिक हेडी टॉपर नावाची गढूळ, रसाळ, कमी बोचरी डबल आयपीए बनवत होते. ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्यांचा पब वाहून गेल्यात जमा झाला. योगायोगाने जवळच कॅन भरण्याचा त्यांचा नवा कारखाना तयार होता आणि पुरानंतर काही दिवसांतच हेडी टॉपरचे पहिले कॅन बाहेर पडले. ती न गाळता भरलेली असते. यीस्ट आणि हॉप्सची तेलं तिच्यातच राहतात. तिच्या मागून हेझी आयपीएची लाट आली. ओट्स आणि गहू घालून अंग मऊ करायचं, उकळीतले हॉप्स कमी करायचे आणि आंबवणं चालू असतानाच मूठ सैल सोडून ड्राय हॉपिंग करायचं, ही तिची रीत. चांगली जमली तर आंब्याच्या आणि संत्र्याच्या रसाचा भास होतो, साखरेचा कणही न घालता. न जमलेल्या हेझी मात्र बऱ्याच आहेत. घशात हिरवी, तुरट बोच राहिली तर समजावं की हॉप्स जास्त झाले आणि बिअर निवायला वेळ दिला नाही.

आता ताजेपणाकडे येतो. हॉप्सच्या वासाचे तीन शत्रू आहेत: प्राणवायू, उष्णता आणि उजेड. भरताना आत राहिलेल्या अगदी थोड्या हवेनेही वास मंदावतो आणि ओल्या पुठ्ठ्याची छटा येते. उष्णतेत हे काम झपाट्याने होतं. उजेड तर काही मिनिटांत घात करतो. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडाने फुटून एक गंधकयुक्त पदार्थ तयार होतो आणि बिअरला स्कंक प्राण्याच्या फवाऱ्यासारखी दुर्गंधी येते. तपकिरी काच बरंच संरक्षण देते, हिरवी फार कमी, कॅन पूर्ण. कॅनमधली बिअर कमी प्रतीची, हा आपल्याकडचा समज म्हणून सोडून द्यावा.

अमेरिकेतल्या चांगल्या ब्रुअऱ्यांनी हे मनावर घेतलं आहे. प्लिनीची बाटली साठवू नका, लगेच प्या, असं तिच्या लेबलवरच पुन्हा पुन्हा बजावलेलं असतं. सॅन डिएगोजवळच्या स्टोन ब्रुअरीने 2012 पासून एका आयपीएच्या नावातच शेवटची तारीख घातली आणि ती तारीख बाटली भरल्यापासून जेमतेम पाच आठवड्यांवर ठेवली. सिएरा नेवाडा 1996 पासून तोडणीच्या दिवसांत न वाळवलेल्या, ओल्या हॉप्सची बिअर करते. असे हॉप्स वेलावरून उतरल्यावर दिवसभरात पातेल्यात पडावे लागतात. देशाच्या पूर्व भागात बिअर लवकर पोचावी म्हणून याच कंपनीने 2014 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मिल्स रिव्हरला दुसरा कारखाना उभारला.

काही बिअर मुरूनच खुलतात. कायद्याप्रमाणे बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला दरवेळी ओकचं नवं पिंप लागतं, त्यामुळे वापरलेली पिंपं मुबलक मिळतात आणि शिकागोच्या गूस आयलंडने त्यांत स्टाउट ही काळी बिअर मुरवून एक पूर्ण परंपरा सुरू केली. ती बाटली वर्षानुवर्षं ठेवता येते. तो वेगळा आनंद आहे आणि त्याचं वेगळं प्रकरण व्हायला हवं.

हाच गूस आयलंड 2011 मध्ये अनहॉयझर-बुश इनबेव्ह या बलाढ्य कंपनीने घेतला आणि क्राफ्ट कुणाला म्हणायचं यावर भांडणं पेटली. छोट्या ब्रुअऱ्यांच्या संघटनेची व्याख्या सांगते: वर्षाला 60 लाख बॅरलच्या आत उत्पादन आणि बाहेरच्या मद्य कंपनीची मालकी पंचवीस टक्क्यांहून कमी. मालकी महत्त्वाची आहे, हे मला मान्य. ज्या अँकरपासून सारं सुरू झालं ती जपानी सप्पोरोच्या ताब्यात गेली आणि 2023 मध्ये तिला कुलूप लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. पण पिणाऱ्याच्या बाजूने मी आधी विचारतो, बिअर किती दिवसांपूर्वी भरली आणि किती लांबून आली. मोठा कारखाना बिअर महिनोन् महिने गोदामात ठेवतो, तेव्हा मालक कोणीही असो, हॉप्स मेलेले असतात. गावातल्या ब्रुअरीच्या टॅपरूममध्ये ग्लास भरला जातो तेव्हा मागच्या खोलीतली टाकी दिसत असते. आज अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक ब्रुअऱ्या आहेत, तरी देशातल्या एकूण बिअरपैकी क्राफ्टचा वाटा आठव्या हिश्श्याच्या आसपासच आहे. 2024 मध्ये उघडलेल्यांपेक्षा बंद झालेल्यांची संख्या जास्त भरली. त्यांतलं प्रत्येक बंद दार म्हणजे कुठल्या तरी गावातून ताजी बिअर गेली.

तेव्हा मुलाबाळांकडे किंवा कामानिमित्त अमेरिकेत जाल तर सुपरमार्केटच्या उबदार फळीवरचे कॅन उचलू नका. आहात त्या गावातली ब्रुअरी शोधा. तिथे सव्वाशे-दीडशे मिलीलिटरच्या चार-पाच छोट्या ग्लासांचा संच मिळतो, त्याला फ्लाइट म्हणतात. तो मागवा आणि फिकट बिअरपासून कडव्या बिअरकडे जा. डबल आयपीएत 8 टक्के किंवा त्याहूनही जास्त मद्यार्क असू शकतो, हे लक्षात ठेवून परतीची गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या. दुकानातून घ्यायचीच झाली तर थंड कपाटातली घ्या, कॅनच्या बुडाशी छापलेली भरण्याची तारीख वाचा, आणि आयपीए दोन महिन्यांहून जुनी असेल तर परत ठेवा. आवडली म्हणून बॅगेत भरून पुण्या-मुंबईला आणू नका. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाल्यापासून आपल्याकडेही जागच्या जागी बनलेली बिअर मिळू लागली आहे. इथे आल्यावर ती प्या, आणि ओतणाऱ्याला विचारा, ही टाकी कधी उघडली?